शीव चालायची कुणी?

बाळांनो, जरा डोळे मिटून बघा. आपला बालाघाटाचा डोंगर आहे ना, तो डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर तेवढाच दुसरा ठेवा, त्यावर तिसरा. असे दहा-बारा डोंगर एकावर एक रचले की टोकाला बर्फ दिसू लागेल, भर उन्हाळ्यातही न वितळणारं. त्या बर्फाखालच्या दऱ्याखोऱ्यांत एक राज्य वसवा. नेपाळचं राज्य. त्याच्या पायथ्याला सपाट, ओलसर, सुपीक जमिनीचा एक लांब पट्टा अंथरा. आणि पट्ट्याच्या अलीकडे इंग्रजांची कंपनी आणून बसवा, जी आली होती व्यापाराला आणि बसली होती राज्य करायला.

बसवली? मग डोळे तसेच मिटलेले राहू द्या. कारण रेणापुरात चांदपाशा गुरुजींच्या ओट्यावर बसलेल्या सृष्टीनंही अजून डोळे उघडलेले नाहीत.

सृष्टी बारा वर्षांची. सातवीची परीक्षा संपली होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तीन किलोमीटरवरच्या वाडीतून सायकल हाणत रोज सकाळी गुरुजींकडे यायची. गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण शिकवण्यातून निवृत्त होणं त्यांना जमलं नव्हतं. ओट्यावर चार पोरं बसली की ते सुरू व्हायचे. नेपाळची गोष्ट निघाली त्यालाही कारण होतं. बाजारगल्लीत पहारा करणारा गुरखा सुट्टीवर निघाला होता, आणि कुणीतरी विचारलं की त्याचं गाव कुठं. बस, तेवढं पुरलं.

गुरुजींची एक खोड होती. गोष्टीत चांगलं कोण आणि वाईट कोण हे ते कधी आधी सांगायचे नाहीत. सांगून झालं की विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. कितीही वेळ.

"तर भांडण सुरू झालं ते पायथ्याच्या काही गावांवरून," गुरुजी म्हणाले. "राजाची माणसं म्हणायची, ही गावं आमची. कंपनी म्हणायची, आमची. दोघांकडंही सांगायला जुनं काहीतरी होतंच. बोलणी झाली, पत्रं झाली, आणि शेवटी बंदुका निघाल्या."

सृष्टीनं खाडकन डोळे उघडले. कारण तिच्या घरीही हेच चाललं होतं. बंदुका तेवढ्या नव्हत्या.

सृष्टीचे आजोबा सटवाजी, त्यांना ती आबा म्हणायची. आबांचे चुलतभाऊ रामकिशन, त्यांना ती बापू म्हणायची. दोघांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी शेत वाटून घेतलं होतं. मधून ओढा वाहायचा. मावळतीकडचं आबांचं, उगवतीकडचं बापूंचं. पण वाटणी झाली ती तोंडी. सातबाऱ्यावर गट एकच राहिला, तो आजही एकच आहे. त्यामुळं सरकारी मोजणी आणली तरी ती बाहेरची हद्द दाखवणार. आतली कोण दाखवणार?

आतली शीव ठरवायची त्यांच्या भावकीची एक रीत होती. घरातल्या लेकराच्या डोक्यावर कापडाची गोल चुंबळ ठेवायची, चुंबळीवर त्याच शेतातलं काळं ढेकूळ. लेकरानं अनवाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. मागून बैलांचा नांगर तास, म्हणजे फाळाची रेघ, ओढत यायचा. जिथून लेकरू गेलं तिथं शीव. लेकराच्या पायाला लबाडी ठाऊक नसते, असं जुनी माणसं मानायची. साठ वर्षांपूर्वी तसं चाललेलं लेकरू म्हणजे खुद्द रामकिशन बापू. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.

त्या तासाचा पुढं बांध झाला, बांधावर गवत झालं, आणि दोन्ही घरं त्याच्या दोन बाजूंना साठ वर्षं पेरत-कापत राहिली. मग गेल्या सप्टेंबरात पाऊस आला. तसा पाऊस आबांनीही पाहिला नव्हता. ओढ्यानं बांध उचलून नेला, खुणेचे दगड नेले, बाभळी मुळासकट नेल्या. शेतं खरडून निघाली, सगळीकडं पांढरा मुरूम उघडा पडला. आणि पाणी ओसरलं तेव्हा ओढा आपल्या जागेवर नव्हता. तो चाळीस पावलं मावळतीला, आबांच्या शेतातून वाहत होता. जुन्या जागेवर गाळ भरून सपाट झालं होतं.

गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की काळी माती जी काय उरली ती नेमकी त्या चाळीस पावलांच्या पट्ट्यात. यंदा सोयाबीन यायचं तर तिथंच. बाकीच्या मुरमावर कुसळही उगवणार नव्हतं.

बापू म्हणाले, ओढा ही शीव. पाणी जिथं, शीव तिथं.

आबा म्हणाले, पाण्याला काय, ते कुठंही जाईल. लेकरू चाललं तिथं शीव.

बापू म्हणाले, ते लेकरू मीच की. मी ओढ्याच्या कडंनंच चाललो होतो.

आबा म्हणाले, जुन्या ओढ्याच्या.

दिवाळीपासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. शेवटी दोघांनी मिळून एकच गोष्ट मान्य केली, ती म्हणजे चांदपाशा गुरुजींना पंच नेमायचं. गुरुजींनी दोघांच्या मुलांना पाढे शिकवले होते, आणि त्यांची स्वतःची त्या शिवारात फूटभर जमीन नव्हती. गुरुजींनी दोन महिने दोघांना समजावून पाहिलं. दोघंही एकच म्हणत राहिले: पुन्हा लेकरू चालवा. मागच्या वेळी बापूंच्या घरचं होतं, तर यंदा पाळी आबांच्या घरची.

आबांच्या घरचं लेकरू म्हणजे सृष्टी. मेच्या तिसऱ्या रविवारी तिनं चालायचं होतं.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी पायथ्याच्या गावांची गोष्ट कानावर आली तर कुणाचे डोळे मिटलेले राहतील?

*

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी किल्ल्याची गोष्ट सांगितली. डोंगराच्या टोकावर नालापाणी नावाची छोटीशी गढी. आत सहाशे माणसं, त्यांत बायका आणि लेकरंही. खाली कंपनीची हजारोंची फौज आणि तोफा. महिनाभर गढी पडेना. कंपनीचा सेनापतीच मारला गेला. मग त्यांनी गढीला जाणारं पाणी तोडलं. शेवटी उरली सत्तर-एक माणसं. ती दार उघडून, हातात तलवारी घेऊन, वेढ्यातून सरळ चालत निघून गेली.

"आता ह्याच्यातली एक गोष्ट ऐका," गुरुजी म्हणाले. "लढाई चालू असताना गढीतून एक शिपाई हात हलवत खाली आला. तोफेच्या माऱ्यात त्याचा जबडा फुटला होता. इंग्रजांनी गोळीबार थांबवला, त्याला आत घेतलं, त्यांच्या डॉक्टरनं उपचार केले. बरा झाला तसा तो काय म्हणाला असेल?"

कुणी म्हणालं, धन्यवाद. कुणी म्हणालं, मला ठेवून घ्या.

"तो म्हणाला, मला परत जाऊ द्या, तुमच्याशी लढायचंय."

पोरं हसली. सृष्टी हसली नाही. तिनं विचारलं, ज्यांना मारायचं त्यांनाच औषध कसं काय दिलं? आणि ज्यांनी औषध दिलं त्यांनाच मारायला तो कसा काय निघाला? गुरुजींनी डोकं खाजवलं. ते म्हणाले, हे मलाही चाळीस वर्षं नीट कळलेलं नाही, म्हणून तर सांगतोय. पुढं कंपनीनं तिथं दोन दगडी खांब उभे केले. एक आपल्या मेलेल्यांसाठी आणि एक त्या गढीतल्या सरदारासाठी, आमचा शूर वैरी म्हणून.

सायकलवरून घरी येताना सृष्टीच्या डोक्यात तो फुटका जबडा घोळत राहिला.

घरी आबा वाटच बघत होते. त्यांनी तिला लिंबाखाली नेलं. लिंबाचं झाड दोन्ही शेतांच्या वरच्या टोकाला होतं. पुराला पुरून उरलेली खूण ती एवढीच. दुसरं टोक म्हणजे खाली पाणंदीवरचा नळीचा पूल. लिंब आणि पूल यांबद्दल वाद नव्हता. वाद होता तो मधल्या तीनशे पावलांचा. लिंबापासून नवा ओढा उजवीकडं वळून आबांच्या शेतात घुसला होता आणि मोठा वळसा घेऊन पुन्हा पुलाला मिळाला होता.

आबांनी बजावलं, लिंबापासून निघायचं, पूल नाकासमोर धरायचा आणि सुतासारखं सरळ जायचं. ओढ्याच्या बाजूला तिळभर कललीस तर मी खोकंन.

"पर जुना ओढा सरळ होता का, आबा?" तिनं विचारलं.

आबांनी पुलाकडं पाहिलं. "सरळच म्हणायचा," ते म्हणाले. "आन् हे बघ सृष्टे, त्या पट्ट्यात काळी हाय म्हणून आपल्या घरात औंदा ज्वारीबिगर दुसरं काय शिजंल. न्हाईतर तुझ्या बापानं लातुरातच कामाला ऱ्हावं आन् आपण त्याच्या खोलीवर जाऊन निजावं. तुला कळतंय ना?"

तिला ते कळत होतं. बाकीचं कळत नव्हतं. बापूंच्या घरातही माणसंच होती आणि त्यांच्याही ताटात सोयाबीनच्याच जिवावर भाजी पडायची. मग बरोबर शीव म्हणजे कुठली? ती कुठंतरी जमिनीत पडलेली असते आणि आपण ती शोधायची असते, की आपण चाललो की ती होते?

*

म्हणून शनिवारी दुपारी ती एकटीच शेतात गेली. जुन्या ओढ्याची काहीतरी खूण सापडेल असं तिला वाटत होतं. लहानपणी ती तिथं शिंपले वेचायची. पण गाळ वाळून सगळीकडं सारखेच पोपडे धरले होते. इथं शिंपले, की तिथं? एक जागा ओळखीची वाटली, मग वीस पावलांवरची दुसरी तशीच वाटली. चालता चालता ती पार पलीकडं, बापूंच्या गोठ्याजवळ पोचली आणि तिथं तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला.

ती मट्कन खाली बसली. गोठ्यातून उज्वला काकू बाहेर आली. उज्वला काकू म्हणजे बापूंची सून. दिवाळीपासून ती सृष्टीच्या आईशी एक शब्द बोलली नव्हती. विहिरीवर गाठ पडली तरी तोंड फिरवायची. तिनं सृष्टीला पाहिलं, टाच पाहिली, आणि बखोटीला धरून सावलीत नेलं. बांगडीला अडकवलेली पिन काढली, रुईचं पान तोडून चीक लावला आणि काटा टोकरायला बसली.

"हलू नको," काकू म्हणाली. "उद्या चालायचंय ना तुला आमच्या उरावरनं?"

सृष्टीला रडू आलं, पण ते काट्याचं की बोलण्याचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. काटा निघाला. काकूनं तो तळहातावर ठेवून तिला दाखवला, आणि आत जाऊन ताकाचा तांब्या घेऊन आली. ताकात मीठ घातलं होतं, कोथिंबीरही.

बापू खाटेवर बसून हे बघत होते. आबांपेक्षा ते वर्षभरानं लहान, पण दिसायला थकलेले. सृष्टीनं तांब्या खाली ठेवला आणि जे विचारायचं म्हणून मनात नव्हतं तेच विचारून बसली.

"बापू, तुमी चालला तवा तुमाला कसं कळलं कुठनं जायचं ते?"

बापूंनी आधी उज्वला काकूकडं पाहिलं. ती म्हशीला पेंड घालायला निघून गेली होती. मग ते हसले. हसताना त्यांचे खालचे दोनच दात दिसले.

"कळतंय कशाचं," ते म्हणाले. "असाच उन्हाळा. पायात काय न्हाई. ढेकूळ वजनदार. दहा पावलं गेलो आन् तळपाय नुसते भाजायले. हितं तवा सात-आठ बाभळी होत्या, इकडं एक, तिकडं एक. एका सावलीत जायचो, जरा थांबायचो, मग दुसरी सावली गाठायचो. ओढा कुठं आन् काय कुठं. आमचे वडील सगळ्यांना सांगायले, बघा, लेकरू कसं थांबून थांबून, इचार करून चाललंय, देवच वाट दावतोय त्याला."

साठ वर्षं दोन्ही घरं ज्या शिवेची शपथ घेत होती, ती शीव बाभळींच्या सावल्यांची होती.

"मग तुमी कुणाला सांगितलं न्हाई?"

"नऊ वर्षाचा होतो. मार बसला असता. मग मोठा झालो, मग लाज वाटली. मग बांधावर गवत आलं." बापूंनी खाटेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "आज कसं काय तोंडातून गेलं कुणास ठाऊक."

ते कुणाला सांग असं बापू म्हणाले नाहीत. सांगू नको असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

*

सृष्टी लंगडत घरी आली ती सायकल काढून तशीच रेणापूरला गेली. दुपार कलली होती. गुरुजी ओट्यावर एकटेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. आत त्यांच्या पत्नी जन्नतबी चाची चहा टाकत होत्या. त्यांनी न विचारता सृष्टीसाठीही अर्धा कप वाढवला.

सृष्टीनं घरचं काहीच सांगितलं नाही. गुरुजी पंच होते, त्यांना सांगणं म्हणजे सगळ्या गावाला सांगणं. ती म्हणाली, "गुरुजी, तो जबड्याचा शिपाई परत गेला ना, तवा त्यानं आपल्या लोकांना सांगितलं का? म्हंजी वैऱ्याच्या छावणीत काय बघितलं, काय ऐकलं ते?"

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी केली. त्यांना विचार करायला वेळ लागला, आणि सृष्टी गुरुजींसारखीच गप्प राहून वाट बघत बसली.

"मी वाचलेल्या पुस्तकांत ते न्हाई, बेटा," ते म्हणाले. "मला ठाऊक न्हाई."

"सांगितलं तर तो वाईट का?"

"तुला काय वाटतं?"

तिला काहीच वाटेना. म्हणजे खूप काही वाटत होतं आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. सांगितलं तर आबा म्हणतील, बघा, रामकिशननं आम्हाला साठ वर्षं फसवलं. पण आबाही तर म्हणतात की लेकरू चाललं तीच शीव. मग ती सावल्यांची शीव आबांना हवी, की नको? आणि बापूंना गाव हसेल. ताक तर अजून तिच्या ओठावर खारट लागत होतं.

मग तिनं विचारलं, लढाईचं पुढं काय झालं.

गुरुजींनी तहाची गोष्ट सांगितली. राजाचे वकील सुगौली नावाच्या गावी गेले आणि तिथं तह लिहिला गेला. राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. पण दरबारानं त्या कागदावर शिक्का मारायला नकार दिला. पुन्हा लढाई, पुन्हा माणसं मेली, आणि तीन महिन्यांनी त्याच कागदावर शिक्का बसला. ठरलं असं की मावळतीला काली नदी ही सीमा, उगवतीला मेची नदी. वर्ष संपायच्या आत कंपनीनं पायथ्याची काही जमीन परतही दिली. आणि ज्यांच्याशी लढले त्यांनाच आपल्या फौजेत भरती करायला सुरुवात केली, ती तर लढाई संपायच्या आधीच.

"मग जिंकलं कोण?" सृष्टीनं विचारलं.

"कागद बघितला तर कंपनी. पण ते राज्य कधी कंपनीचं झालं न्हाई, राजा राजाच राहिला. म्हणून तिकडची माणसं म्हणतात, आम्ही कुणाचे गुलाम नव्हतो. तेही खरंच आहे."

"आन् नदी? नदी तर हलते की, गुरुजी."

गुरुजी एकदम तिच्याकडं वळले. "हलली," ते म्हणाले. "एका ठिकाणी गंडक नदीनं वाट बदलली. दुसरीकडं काली नदी उगवते कुठनं ह्यावरच वाद. दोनशे वर्षं झाली, माणसं अजून नकाशे पसरून बसलीत."

सृष्टीनं कपातला शेवटचा घोट संपवला. मग म्हणाली, "ज्यांनी कागदावर रेघ ओढली, ते त्या रेघेवरनं चालले होते का?"

"कोण, ते सह्या करणारे? न्हाई. डोंगरांतनं चालले ते शिपाई आणि हमाल. सह्या तंबूत झाल्या."

चाचींनी आतून हाक मारली की पोरीला अंधार व्हायच्या आत पाठवा. गुरुजी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. सायकलला टांग मारताना ती म्हणाली की मला उद्या काय करावं ते कळत नाही. गुरुजी म्हणाले की मलाही कळत नाही, आणि हे मी पंच असून म्हणतोय हे कुणाला सांगू नको.

*

रविवारी नऊ वाजता लिंबाखाली माणसं जमली. उशीर झाला तो बैलांमुळं. दोन्ही घरांची शेती कधीच ट्रॅक्टरवर गेली होती, आणि रितीला बैल हवे होते, ते शेजारच्या गावातून मागून आणावे लागले. बैल कुणाच्या शेताकडं तोंड करून उभे राहिले, त्यावरूनही जरा कुजबूज झाली. ऊन तापू लागलं होतं.

आबा लिंबाच्या एका अंगाला धोंड्यावर बसले, बापू दुसऱ्या अंगाला. मध्ये झाडाचं खोड. दोघंही सावलीत, दोघांच्याही पायांत जाड चामडी चपला. गुरुजी मध्यभागी छत्री घेऊन उभे. उज्वला काकू आणि सृष्टीची आई दोन टोकांना, पदर डोक्यावर.

आईनं सृष्टीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. आबांनी त्या पट्ट्यातलंच ढेकूळ आणलं होतं, चांगलं दोन शेरांचं. ते डोक्यावर आलं तशी तिची मान आपोआप ताठ झाली. गुरुजी म्हणाले, चाल बेटा, तुला जमेल तसं.

ती निघाली. मागून नांगराचा फाळ मातीत करकरला. लिंबाची सावली सहा पावलांत संपली आणि तळव्यांना ऊन लागलं. काट्याची टाच ठणकायला लागली. पंधरा पावलांवर ती जागा होती, जिथून नवा ओढा उजवीकडं वळत होता. समोर सपाट गाळ, त्यापलीकडं दूर पूल. डाव्या-उजव्या बाजूला एकही झाड नाही. बापूंना निदान बाभळी तरी होत्या, तिच्या मनात आलं.

तिथं ती थांबली.

मागून आबा खोकले. मग दुसऱ्या अंगानंही कुणीतरी खाकरलं. बैलवाल्यानं विचारलं, काय झालं बाई, चाल की. सृष्टीनं पाय बदलला, पुन्हा बदलला. सरळ गेलं तर आबांची शीव. ओढ्यानं गेलं तर बापूंची. सावलीनं गेलं तर खरी, पण सावलीच नाही. आणि यातली कुठलीही झाली तरी ती सृष्टीच्या पायाची म्हणून साठ वर्षं सांगितली जाणार. तिला सत्तरीची झालेली सृष्टी दिसली, खाटेवर बसून दोरी गुंडाळणारी.

तळपाय इतके भाजत होते की आता नीट विचारही होईना.

तिनं दोन्ही हातांनी ढेकूळ खाली उतरवलं, जपून मातीवर ठेवलं, आणि वळून लिंबाकडं चालत आली. सगळे बघत राहिले. आबांच्या कपाळाला आठी पडली. सृष्टी आबांसमोर वाकली. पाया पडतेय असं वाटून त्यांचा हात आशीर्वादाला अर्धा वर आला. तिनं त्यांच्या उजव्या पायातली चप्पल काढली, मग डाव्या पायातली.

"काय करायलीस?" आबा म्हणाले.

ती खोडाला वळसा घालून बापूंसमोर वाकली. ते तिच्या भाजलेल्या पायांकडं बघत होते. तिनं टाच धरली तसा त्यांनी स्वतःच पाय उचलून दिला, आधी एक, मग दुसरा.

बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिस्सकन हसलं. आबा गुरुजींना म्हणाले, रितीत असलं काही बसत नाही. गुरुजी म्हणाले, लेकरू अनवाणी असावं एवढंच रितीत आहे, म्हातारे कसे असावेत ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. एवढं म्हणून त्यांनी छत्री मिटली आणि वाकून स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

सृष्टी चपलांचे दोन्ही जोड काखेत मारून परत त्या जागेवर गेली. तिला एकटीला ढेकूळ उचलून डोक्यावर घेता येईना, तेव्हा बैलवाल्यानं हात लावला. ती वळली. आवाज मोठा काढायचा तिचा विचार नव्हता, पण तो मोठा निघाला.

"मला न्हाई कळत कुठनं जायचं ते. ज्याला मला वळवायचं असंल, त्यानं संगं यावं आन् हाताला धरून वळवावं."

मग तिनं पुलाकडं तोंड केलं, काखेतल्या चपला घट्ट दाबल्या, आणि त्या दोघांना गाठता येईल इतक्या सावकाश, तापलेल्या मातीवर एक एक पाऊल टाकत चालू लागली.